ड्रॉइंगवरच्या 'रिव्हिजन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: कारखान्यात ड्रॉइंगसाठी डेटा मॅनेजमेंट प्रणाली बसते आहे, कामाच्या पद्धतीची पुस्तिका मराठीत लिहायची आहे आणि 'रिव्हिजन' या शब्दावर घोडे अडले आहे. 'पुनरावृत्ती', 'संशोधन' आणि 'आवृत्ती' असे तीन पर्याय समोर आहेत. शिवाय 'व्हर्जन' आणि 'रिव्हिजन' या दोन्हींना 'आवृत्ती' म्हटले तर चालेल का?

पहिले दोन पर्याय सरळ बाद करावेत. पुनरावृत्ती म्हणजे तीच गोष्ट पुन्हा होणे. ड्रॉइंगवरच्या रिव्हिजनच्या रकान्यात 'पुनरावृत्ती ३' असे छापले तर मशीनवरचा माणूस तीन ठिकाणी तेच भोक मारायचे असा अर्थ लावू शकतो, आणि त्यात त्याची चूक नसेल. 'संशोधन' हा पर्याय हिंदीवरून सुचतो. तिकडे त्याचा अर्थ फेरबदल असा होतो, पण मराठीत ते प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात चालते. 'उजळणी' अभ्यासाची होते, 'पुनरीक्षण' कोर्टकचेरीत. 'दुरुस्ती' घटनेला शोभते, मात्र शॉपफ्लोअरवर दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग नीट करणे, तेव्हा तोही शब्द नको.

'आवृत्ती'चा विचार मात्र नीट करायला हवा, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रणाली त्या वेगळ्याच मोजते. सॉलिडवर्क्स पीडीएम या ड्रॉइंगच्या फाइली सांभाळणाऱ्या प्रणालीत तुम्ही फाइल चेक आउट करता (बदलण्यासाठी स्वतःकडे घेता), बदलता, चेक इन करता (परत जमा करता), की व्हर्जन एकाने वाढते. हा आकडा प्रणाली आपोआप देते, त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नसते. एका शाफ्टचे ड्रॉइंग मंजूर होईपर्यंत १४ व्हर्जने झाली तरी काही बिघडत नाही. रिव्हिजन मात्र वर्कफ्लोमध्ये, म्हणजे मंजुरीच्या ठरलेल्या साखळीत, ठरवून दिलेल्या टप्प्यावरच वाढते: ड्रॉइंग 'मंजुरीसाठी'मधून 'मंजूर' अवस्थेत गेले आणि त्या ट्रान्झिशनवर (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या पायरीवर) रिव्हिजन वाढवण्याची क्रिया लावलेली असली, तर. म्हणजे व्हर्जन १४ वर रिव्हिजन 'ए' बसते आणि व्हर्जन १९ वर 'बी'. मधली चार व्हर्जने डिझाइन विभागाबाहेर कुणाला दिसायचीही गरज नाही. ऑटोडेस्क व्हॉल्ट या तशाच प्रणालीच्या वरच्या श्रेणींतही हेच तत्त्व आहे. मूळ श्रेणीत, म्हणजे व्हॉल्ट बेसिकमध्ये, फक्त व्हर्जने मिळतात, रिव्हिजन नाही.

दोन्हींना एकच शब्द दिला की नेमका इथे घोळ होतो. 'शेवटची आवृत्ती घ्या' या सूचनेवर एक जण मंजूर 'बी' काढेल आणि दुसरा अर्धवट बदललेले व्हर्जन २१. दोघेही शब्दशः बरोबर ठरतील, आणि कापलेला माल मात्र एकाचाच वापरता येईल. ॲपच्या आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत व्हर्जनला 'आवृत्ती' म्हणणे आता रुळले आहे, म्हणून माझे मत असे: 'आवृत्ती' व्हर्जनला द्यावी आणि टायटल ब्लॉकमधल्या (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतल्या) अक्षराला 'रिव्हिजन'च म्हणावे. भोसरीपासून सातपूरपर्यंत 'रेव्ह सी आली का?' असेच विचारतात. लोकांच्या तोंडी असलेला शब्द काढून कृत्रिम शब्द बसवण्यात पुस्तिकेचे हित नाही.

पण ड्रॉइंगमध्ये जे प्रत्यक्ष बदलले, त्याला मराठी शब्द हवाच, आणि तो 'फेरबदल'. 'सुधारणा' म्हटले की काहीतरी चांगले झाले असे ध्वनित होते. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ढिला केला किंवा स्वस्त मटेरियल घेतले तरी रिव्हिजन वाढतेच, म्हणून तटस्थ शब्द बरा. 'फेरफार' वापरू नये. सातबाऱ्याच्या जगात तो अगदी योग्य आहे आणि ती व्यवस्था आपल्या कामाच्या फार जवळची आहे: बदल गाव नमुना ६ मध्ये नोंदला जातो, नोंदीला क्रमांक मिळतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मग तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. पण महसूल खात्याबाहेर 'कागदपत्रांत फेरफार' म्हणजे लबाडी. तपासणीला आलेल्या ग्राहकाने पुस्तिकेत 'ड्रॉइंगमधील फेरफार' वाचले, तर नस्ता प्रश्न उभा राहील.

या फेरबदलाची नोंद ड्रॉइंगवरच्या रिव्हिजन टेबलात कशी लिहायची, हे पुस्तिकेत शब्दांच्या यादीपेक्षा जास्त जागा घेईल आणि घ्यावी. रकाने ठरलेले असतात: झोन (ड्रॉइंगवरचा चौकोन), रिव्हिजन, तपशील, तारीख, मंजुरी. बिघडतो तो तपशिलाचा रकाना. 'माप बदलले' किंवा 'ग्राहकाच्या सांगण्यानुसार' अशा नोंदीचा वर्षभराने कुणालाच उपयोग नसतो. आधी काय होते आणि आता काय आहे, दोन्ही लिहावे: 'झोन सी४: चॅम्फर १ × ४५° होता, १.५ × ४५° केला' (चॅम्फर म्हणजे कडेचा तिरपा काप). पुढे ईसीएनचा, म्हणजे बदलाच्या अधिकृत सूचनेचा, क्रमांक. ज्या मापाला धक्का लागला, त्याच्या शेजारी त्रिकोणात तेच रिव्हिजन अक्षर. ड्रॉइंग मोठे असेल तर भोवती ढगाची रेघ काढतात, पण पुढच्या रिव्हिजनला मागचा ढग काढून टाकायचा, नाहीतर नवा बदल कोणता ते कळत नाही.

बेअरिंग बसण्याच्या २५ मिमी व्यासाचा टॉलरन्स एच६ वरून के६ केला, तर हा फेरबदल रिव्हिजनमध्ये बसतो का? एच६ म्हणजे ० ते उणे १३ मायक्रॉन, के६ म्हणजे अधिक २ ते अधिक १५ मायक्रॉन. आतली रिंग शाफ्टवर सरकत होती म्हणून हा बदल केला असेल, तर गोदामातला जुना शाफ्ट नव्या जागी चालणार नाही. जुना आणि नवा भाग एकमेकांच्या जागी बिनधास्त बसत नसतील, तर रिव्हिजन वाढवून भागत नाही, नवा पार्ट नंबर द्यावा लागतो. नाहीतर एकाच नंबराखाली दोन प्रकारचे शाफ्ट एकाच खोक्यात जातात.

प्रणालीतली आणखी एक अडचण शब्दाशीच निगडित आहे. पीडीएम दाखवते ती रिव्हिजन आणि टायटल ब्लॉकमध्ये छापले जाते ते अक्षर, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. छापले जाणारे अक्षर फाइलच्या प्रॉपर्टीतून (फाइलसोबत साठवलेल्या माहितीतून) येते. डेटा कार्डावरचे (पीडीएममधल्या फाइलच्या माहितीपत्रकावरचे) व्हेरिएबल त्या प्रॉपर्टीला जोडलेले नसेल आणि मंजुरीच्या ट्रान्झिशनवर ते बदलले जात नसेल, तर पडद्यावर 'सी' आणि कागदावर 'बी' दिसते. मंजुरीआधी पीडीएफ काढून ठेवली तरी हेच होते. पीडीएफ मंजुरीनंतर प्रणालीनेच काढावी.

अक्षरे अ, ब, क, ड घ्यावीत अशी सूचना या निमित्ताने येऊ शकते. मनापासून आवडणारी असली तरी ती स्वीकारू नये. संगणक देवनागरी वर्णमालेच्या क्रमाने लावतो, म्हणजे अ, क, ड, ब. फाइलींच्या यादीत 'ब' सर्वांत शेवटी जाईल आणि ती ताजी रिव्हिजन वाटेल. रोमन अक्षरेच ठेवावीत. त्यांतही ड्रॉइंगच्या रिव्हिजनसाठीच्या एएसएमई वाय१४.३५ या अमेरिकी मानकानुसार आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वगळतात, कारण त्यांतली बरीचशी १, ०, ५, २ यांसारखी दिसतात. वाय संपल्यावर एए, एबी असे पुढे जायचे. फोनवर बी, डी, पी आणि टी सारखेच ऐकू येतात, म्हणून तोंडी सांगताना अक्षरासोबत रिव्हिजनची तारीखही सांगावी.

राहिला मागे पडलेल्या रिव्हिजनसाठीचा शब्द. शासन निर्णयांत त्याला 'अधिक्रमित' म्हणतात आणि अर्थाने तो अचूक आहे, तेव्हा प्रणालीतल्या अवस्थेचे नाव म्हणून जरूर ठेवावा. शॉपफ्लोअरवरच्या कागदी प्रतीवर मात्र लाल शिक्का 'जुनी प्रत, वापरू नये' असाच मारावा. नुसते 'रद्द' लिहिले तर पार्टच बंद झाला असा समज होतो आणि खरेदी विभाग ऑर्डर थांबवतो.