लिहिणाऱ्याने आपल्या गावासाठी काय करावं?

या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे: लिहिता येतं, थोडं नावही झालंय, आता आसपासच्या लिहिणाऱ्यांसाठी काही करायचंय. त्यांतले चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी दहा-बारा जण लिहितात. माझे दोन संग्रह आले आहेत, म्हणून पुढाकार माझ्याकडे आला. पूर्वी सुरू केलेला कविकट्टा चार महिन्यांत बंद पडला. नव्याने सुरू करताना काय बदलावं?

कविकट्टे बंद पडतात, कारण तिथे ऐकवायला सगळे येतात आणि ऐकायला कोणीच नसतं. पंधरा कवी, प्रत्येकी दोन कविता, मध्ये सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. स्वतःची कविता झाली की माणूस चपला शोधू लागतो. तेव्हा कट्टा सोडा, वाचन-बैठक करा.

माणसं आठच्या वर नकोत. एका बैठकीला दोनच जणांचं लेखन घ्या: गद्य असेल तर बाराशे ते पंधराशे शब्द, कविता असतील तर दोन. लेखन चार दिवस आधी सगळ्यांच्या हाती पडायला हवं. छापील प्रत काढाल तर अक्षर १४ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा आणि उजवीकडे रुंद समास ठेवा. दर पाचव्या ओळीला क्रमांक दिला, तर ‘ते मधलं कुठेतरी’ असं म्हणत पानं चाळण्यात वेळ जात नाही.

बैठकीत लेखकाने स्वतः वाचू नये. एक पान दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. लेखक आपल्या वाक्यातली खोट आवाजाने झाकतो, दुसरा माणूस तिथे अडखळतो. कर्ता आणि क्रियापद यांच्यात फार अंतर पडलं असेल, तर वाचणारा मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतो. लेखकाने तेवढ्या जागा आपल्या प्रतीवर टिंबं देऊन टिपाव्यात.

मग पंधरा मिनिटं लेखकाने गप्प बसायचं. आधी प्रत्येकाने आपल्याला काय समजलं ते सांगावं, मग वाचताना कुठे थांबलो ते, आणि सूचना सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला की लोक लेखकाने न लिहिलेल्याच गोष्टीची दुरुस्ती करत बसतात. बोलायला सुरुवात वयाने लहान असलेल्याने करावी आणि तुम्ही सर्वांत शेवटी बोला. दोन पुस्तकं नावावर असलेला माणूस पहिल्यांदा बोलला की बाकीचे माना डोलावतात, चर्चा तिथेच संपते. ‘छान जमलंय’ म्हणणाऱ्याला ‘कोणती ओळ?’ एवढंच विचारा. आणि ‘मी असतो तर शेवट असा केला असता’ हे वाक्य बंदच करा.

बोलीबद्दल जपा. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी संवाद प्रमाण मराठीत आणण्याची जुन्या लेखकांना फार हौस असते. तपासायचं एवढंच, की तेच पात्र एका पानावर ‘म्हनला’ आणि पुढच्या पानावर कारणाशिवाय ‘म्हणाला’ असं तर बोलत नाही ना.

व्हॉट्सअ‍ॅप गट फक्त तारखा आणि लेखन पाठवण्यापुरता ठेवा. सुप्रभातचे संदेश सुरू झाले की पाठवलेली कथा त्यांत बुडते. शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, वाढदिवसाचे सत्कार यांना बैठकीत मज्जाव असावा. एका सत्कारात तासभर जातो आणि वाचन पुढच्या महिन्यावर ढकललं जातं.

प्रश्न : नवे लेखक अख्खी कादंबरी आणून देतात आणि ‘जरा नजर टाका’ म्हणतात. नाही म्हणवत नाही, वाचूनही होत नाही.

तीनशे पानं घेऊन सहा महिने कपाटात ठेवण्यापेक्षा सुरुवातीलाच अट घाला: पहिली वीस पानं आणि कथानकाचा एका पानाचा सारांश. परत देण्याची तारीख तिथेच ठरवा, तीन आठवडे पुरतात. वीस पानांत निवेदन सांभाळता येतं का, हे कळून चुकतं.

शुद्धलेखन पहिल्या तीन पानांपुरतंच दुरुस्त करा आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या दोन-तीन चुका नियमासह लिहून द्या. मराठी साहित्य महामंडळाचे प्रमाणलेखनाचे नियम १८च आहेत, शिकता येण्याजोगे. सगळी पानं तुम्हीच लाल केलीत तर लेखक ती निमूट टाइप करून घेतो आणि पुढच्या कादंबरीत त्याच चुका घेऊन येतो. अभिप्राय दीड पानाचा, लेखी द्या. तोंडी सांगितलेल्यातलं घरी जाईपर्यंत फक्त कौतुक उरतं.

पैसे भरून पुस्तक काढायला निघालेल्याला मात्र वेळीच सावध करा. प्रती किती छापणार, उरलेल्या कोणाकडे राहणार, हक्क कोणाचे, हे कागदावर असायला हवं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्या क्रमांकाचं शुल्क म्हणून बिलात रक्कम दिसली तर जाब विचारावा.

प्रश्न : सभा-संमेलनांत मन रमत नाही. घरबसल्या मराठीसाठी करण्याजोगं काही आहे का?

आहे, आणि त्याला माणसं कमी पडतात: मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडासारख्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन. डावीकडे यंत्राने वाचून काढलेला मजकूर, उजवीकडे छापील पानाचं चित्र. ताडून दुरुस्त केलं की पान लालचं पिवळं होतं आणि दुसऱ्या सदस्याने तपासलं की हिरवं. स्वतः दुरुस्त केलेलं पान स्वतःलाच हिरवं करता येत नाही, म्हणून दोघांनी जोडीने काम घ्यावं.

यंत्राने वाचलेल्या मजकुरात ‘ख’चं ‘रव’ होतं, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’कडे खास लक्ष द्या, नाहीतर स्वयंपाकाला बोलावलेले आचारी आचार्य होऊन बसतात. ‘कांहीं’, ‘नाहीं’वरचे जुने अनुस्वार मात्र काढू नका. आजच्या नियमांची सवय असलेले लेखक हीच चूक हमखास करतात. पुस्तक जसं छापलं होतं तसंच उतरवायचं असतं.

नवं पुस्तक चढवण्याआधी हक्क तपासा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२६ला खुलं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं मृत्युवर्षही पाहावं लागतं. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

प्रश्न : माझ्या कवितासंग्रहाच्या साठ प्रती घरात पडून आहेत. तालुक्यातल्या ग्रंथालयांना वाटून टाकू का?

आधी ग्रंथपालांना विचारा. दाखल रजिस्टरमध्ये नोंद, शिक्के, कपाटातली जागा, हे सगळं त्यांच्याच माथी येतं आणि न मागितलेले कवितासंग्रह त्यांच्याकडे आधीच ढिगाने असतात. एका ग्रंथालयाला एकच प्रत पुरे. खरोखर द्यायचंच असेल तर तिथल्या बालविभागात काय कमी आहे ते विचारून तेवढी पुस्तकं विकत घेऊन द्या. ती कोणाची का असेनात.