फळीला हालू दे

पोरी,

काल तू टेबलाचा फोटो दाखवलास तेव्हा मी गप्प बसलो, कारण समोर चार माणसं होती. गणपतीत एवढ्या हौसेनं केलेलं टेबल आणि एप्रिलात फळी मधोमध फाटली. कुणी तुला पुट्टी भरायला सांगतंय, कुणी खालून लोखंडी पट्टी ठोकायला, आणि तू विचारतेस, "लाकूडच खराब निघालं का काका?" लाकूड चांगलं आहे. तू फळीला हालायला जागा ठेवली नाहीस.

लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, रुंदीला बदलतं. पावसाळ्यात फुगतं, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात आकसतं. दीड फूट रुंद फळीत दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. भादव्यात ती फुगलेली असताना तू चारी बाजूंनी स्क्रू पिळून तिला चौकटीला आवळलंस. चैत्रात तिला आकसायचं होतं आणि स्क्रू सोडेनात, मग फाटण्यावाचून ती काय करणार? तुझे वडील यंत्रमागावर आहेत ना? हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये ओलावा धरून ठेवतात. हे रोज कानावर पडणाऱ्या घरातल्या मुलीनं लाकडाला दोष द्यावा, याचा मला खरंच राग आला.

आता ऐक. लांब बाजूच्या पट्ट्यांतले स्क्रू काढ, ते परत लावायचे नाहीत. आखूड पट्ट्यांत मधला एकच स्क्रू घट्ट ठेव. कडेची भोकं गोल कानशीनं पट्टीच्या लांबीच्या दिशेनं लांबट कर, वायसर घाल आणि स्क्रू नुसता टेकेल इतपतच पिळ. पायांच्या सांध्यात फेविकॉल भरपूर हवा, कुसू, म्हणजे खाचेत शिरणारा लाकडाचा तुकडा, तिथे घट्टच बसला पाहिजे. पण फळी आणि चौकट यांच्यामध्ये त्याचा थेंबही नको. फळीला हालू दे. भेगेत पुट्टी भरू नकोस. पावसाळ्यात भेग मिटायला लागली की कडक पुट्टी मध्ये अडते आणि निघून येते. तुझं टेबल खडबडीत आहे, रंधाही तू हलकाच मारला आहेस. त्यावर एक भेग शोभून दिसेल.

पुढच्या वेळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून पेट्यांच्या फळ्या आणशील तेव्हा शिक्का बघ. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती घे. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ती घरात आणू नकोस. फळ्या घरात तीन आठवडे, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेव. जवसाचं तेल वरून लावशील तितकंच खालूनही लाव, नाहीतर एक बाजू ओलावा घेईल, दुसरी घेणार नाही, आणि फळी वाकेल. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप पेटते. पसरून वाळव.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. सांगितलं होतं. ताईच्या लग्नात मी सागवानी टेबल दिलं, वीस-बावीस वर्षांचा होतो. हात बसला होता आणि घाई होती. फळी चारी बाजूंनी आवळली. वैशाखात एका दुपारी फटाका वाजावा तसा आवाज झाला, असं ताई सांगते. मी गेलो, बघितलं आणि म्हणालो, वखारवाल्यानं फसवलं. ताईनं त्यावर चादरीचा तुकडा टाकला आणि कधी विषय काढला नाही. आज तिचा नातू त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं करून खेळतो.

पुढे एका कारखान्यात होतो. लांबट भोकं पाडताना मालक घड्याळ बघायचा. म्हणायचा, ठोका आणि पाठवा, गिऱ्हाईक पावसाळ्याआधी कशाला बघतंय. मी नोकरी सोडली. घरी अजून ऐकवतात की हट्टापायी पगार घालवला. घालवला, पण मी बरोबर होतो. ताईच्या घरी मी एकदा बघून आलो होतो, दुसऱ्या कुणाच्या घरी तोच आवाज माझ्या हातानं व्हावा हे मला चालणार नव्हतं. एवढं साधं घरच्यांना तीस वर्षांत पटवता आलं नाही, याचं वाईट वाटतं. फळीला हालू दे म्हटलं की त्यांना वाटतं, म्हातारा पुन्हा सुरू झाला.

रविवारी स्क्रू काढून ठेव. कानस मी आणतो. थोडा उशीर होईल, कारण आधी ताईकडे जाणार आहे. तिच्या टेबलाचे स्क्रू अजून तसेच आहेत.

तुझा,
काका