सोनोग्राफीत यंत्रहात आणि मशीन लर्निंग नेमके काय करतात?

प्रश्न असा आहे की, सोनोग्राफीचा प्रोब (शरीरावर टेकवून ध्वनिलहरी सोडणारे आणि टिपणारे उपकरण) यंत्रमानवाने धरला आणि तो कुठे वळवायचा हे मशीन लर्निंगने ठरवले, तर ते काम कसे चालते.

सोनोग्राफीत खरी अडचण हाताची असते. छातीवर जेल लावून दोन बरगड्यांमधल्या फटीत टेकवलेला प्रोब जरासा सरकला, तरी हृदयाच्या चार कप्प्यांऐवजी पडद्यावर बरगडीची काळी सावली दिसू लागते. म्हणून यंत्रहाताला दाब मोजणारा सेन्सर बसवतात, जेणेकरून श्वासाबरोबर छाती वर-खाली होत असतानाही प्रोबचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो. दिशा मात्र हजारो प्रतिमांवरून शिकलेली प्रणाली सुचवते.

यातला दुसरा भाग, म्हणजे दिशा सुचवणे, यंत्रहाताशिवायही उपयोगी पडतो, किंबहुना माझ्या मते सध्या तोच अधिक परिपक्व आहे. अमेरिकेत औषधे व वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये मान्यता दिलेले 'कॅप्शन गायडन्स' हे सॉफ्टवेअर प्रोब कसा फिरवावा हे पडद्यावर सांगते आणि प्रतिमा पुरेशी चांगली झाली की ती स्वतःच टिपून घेते. पूर्वी कधीही सोनोग्राफी न केलेल्या ८ परिचारिकांनी त्याच्या साहाय्याने २४० रुग्णांची तपासणी केली, तेव्हा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा आकार तज्ज्ञांना ९८.८ टक्के रुग्णांत ठरवता आला. उजव्या कप्प्याच्या बाबतीत हे प्रमाण ९२.५ टक्के होते. अर्थात, प्रतिमा वाचण्याचे काम हृदयरोगतज्ज्ञांचेच होते.

यंत्रहाताला याखेरीज आणखी एक गोष्ट यावी लागते: रुग्णाला खोकला आला, तर त्याच क्षणी मागे सरणे.