स्टॅटिक टिपचे रिकर्व्ह धनुष्य पारंपरिक तिरंदाजीसाठी घ्यावे का?

वर्षभर लाँगबोवर (लांब, जवळजवळ सरळ भुजांच्या धनुष्यावर) सराव केल्यानंतर स्टॅटिक टिपचे रिकर्व्ह धनुष्य घ्यावे का, आणि त्याचे फायदे-तोटे काय, असे आपण विचारले आहे. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षे वापरले आहेत, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. धनुष्य आखूड, ओढ लांब आणि बाण जड असेल, तर ही ताठ टोके स्वतःच्या वजनाची भरपाई करतात. या तिन्हींपैकी एकही गोष्ट आपल्याला नको असेल, तर आपण केवळ देखणेपणासाठी भार वाहत आहोत असे समजावे. देखणी ती असतात, हे मात्र मान्य.

रिकर्व्ह धनुष्याच्या भुजांची टोके लक्ष्याच्या दिशेने पुढे वळलेली असतात. वर्किंग रिकर्व्हमध्ये हे वळण दोरी ओढताना उलगडत जाते. स्टॅटिक प्रकारात टोक ताठच राहते आणि वाकण्याचे सारे काम मूठ व वळण यांच्यामधल्या भागाला करावे लागते. लाकूड, शिंग आणि प्राण्यांच्या कंडरांचे तंतू सरसाने जोडून केलेल्या आशियाई धनुष्यांत याच ताठ टोकाला सियाह म्हणतात.

याचा खरा लाभ ओढताना हाताला कळतो. अनेक स्टॅटिक धनुष्यांत दोरी चढवल्यावर ती वळणावर टेकलेली असते, त्यामुळे सुरुवातीला धनुष्य प्रत्यक्षापेक्षा आखूड असल्यासारखे वागते आणि पहिल्या काही इंचांतच ओढीचे वजन, म्हणजे ओढायला लागणारे बल, झपाट्याने चढते. पुढे दोरी वळणावरून सुटली, की टोक तरफेसारखे काम करू लागते आणि उरलेली ओढ मवाळ वाटते. साठवलेली ऊर्जा म्हणजे ओढीचे अंतर आणि बल यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ; म्हणून २८ इंचांवर ४० पौंड भरणाऱ्या दोन धनुष्यांपैकी ज्याचा आलेख सुरुवातीला अधिक फुगीर, त्यात ऊर्जा अधिक साठते. शिवाय पूर्ण ओढीला दोरी आणि टोक यांच्यातला कोन काटकोनाकडे जाऊ लागला, की प्रत्येक इंचाला वजन अंगावर येते, ज्याला आपण स्टॅकिंग म्हणतो; पुढे वळलेले टोक तो कोन लहान ठेवते, आणि म्हणूनच घोडेस्वाराला पेलेल अशा आखूड धनुष्यावरही लांब ओढ शक्य होते. या मवाळपणाची एक बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. ओढ इंचभर कमी-अधिक झाली तरी बाणाच्या वेगात फरक थोडा पडतो, हे चांगलेच. पण ओढ पूर्ण झाल्याची सूचनाही हाताला मिळत नाही, त्यामुळे लाँगबोच्या जडपणावर विसंबून थांबणाऱ्याला ओढणारा हात गालावर किंवा जबड्यावर टेकवण्याची जागा नव्याने पक्की करावी लागते.

आता तोट्याकडे येतो. टोक हा भुजेचा सर्वांत वेगाने धावणारा भाग, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने टोकावरचे काही ग्रॅम मुठीजवळच्या तेवढ्याच ग्रॅमपेक्षा पुष्कळ महाग पडतात. बाण हलका असेल, तर साठवलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा टोकांना हलवण्यातच जातो आणि बाण सुटल्यावर तो मुठीत धक्का म्हणून जाणवतो. बाण जड असेल, तर तीच ऊर्जा अधिक प्रमाणात बाणाला मिळते. मांचू (ईशान्य चीनमधील) आणि ओटोमन (तुर्की) धनुष्यांची तुलना केल्यास हे स्पष्ट दिसते: मांचू धनुष्याची टोके लांब आणि वजनदार, कारण त्याला लांब, जड बाण सोडायचे होते, ओटोमन कारागिरांनी मात्र टोके लहान आणि हलकी ठेवली, आणि हलक्या बाणाने दूरवर मारा करण्याची त्यांची परंपरा इस्तंबूलच्या ओकमेदान या जुन्या तिरंदाजी मैदानावरील विक्रमदर्शक शिळांवरून आजही दिसते. आपले ४० पौंडांचे धनुष्य असेल, तर दर पौंडाला १० ग्रेन या हिशेबाने ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण ही मी किमान मर्यादा धरीन. मोठ्या टोकांच्या धनुष्याला त्याहून जड बाणच मानवतो.

दुसरा तोटा पिळाचा, आणि त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. लाँगबोच्या सवयीने मी धनुष्य पायांमध्ये अडकवून, मांडीवर वाकवून दोरी चढवली. एक भुजा किंचित पिळली गेली आणि पुढच्याच बाणाला दोरी वळणावरून घसरून भुजा उलटी फिरली. लांब ताठ टोक पिळाच्या बाबतीतही तरफच असते, त्यामुळे मुठीजवळची बारीकशी चूक टोकाशी मोठी होऊन दिसते. म्हणून दोरी नेहमी स्ट्रिंगरनेच (टोकांवर खोळ बसणाऱ्या सहायक दोरीनेच) चढवावी, त्याची खोळ टोकावर नीट बसली आहे ना ते पाहावे, आणि पहिला बाण लावण्यापूर्वी धनुष्य डोळ्यासमोर लांबट धरून दोरी दोन्ही वळणांच्या मधोमध जाते का याची खात्री करावी.

दोरी वळणावर आपटून होणारा आवाज हा किरकोळ प्रश्न आहे. संपर्काच्या जागी पातळ चामड्याची पट्टी लावली की तो बराच कमी होतो. अखंड लाकडाच्या धनुष्याबाबत मी अधिक सावध राहीन, कारण वाकणारा भाग आखूड झाल्याने त्यावरचा ताण वाढतो आणि लाकूड कायमचे वाकून बसण्याचा संभव राहतो. फायबरग्लासचा थर असलेल्या भुजांना ही भीती बरीच कमी.

आपली ओढ २८ इंचांच्या आत असेल आणि जमिनीवर उभे राहूनच नेम साधायचा असेल, तर मी आपल्याला आधी वर्किंग रिकर्व्ह वापरून पाहायला सांगेन. घोड्यावरून किंवा अंगठ्याच्या पकडीने कानामागे ओढून बाण सोडायचा असेल, तर स्टॅटिक टिपच घ्यावी, पण लहान टोकांची, आणि ओढीचे वजन लाँगबोपेक्षा पाच पौंडांनी कमी ठेवून.