कोकणात सड्यावरून ग्रॅव्हल सायकल चालवायची तर मार्ग कोणता, टायर केवढा, हवा किती?

तुमचा प्रश्न असा: ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची) पुण्याच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवर चालवलेली आहे, टायर ३८ मिलिमीटरचे आहेत, हाताशी तीन दिवस आहेत आणि रत्नागिरी जिल्ह्यात डांबरी रस्ता शक्यतो टाळून फिरायचं आहे.

आधी जमीन समजून घ्या, बाकीचं त्यावरून ठरतं. किनाऱ्यालगत जांभ्याचे सपाट सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं आहेत आणि दर काही किलोमीटरवर एखादी खाडी नाहीतर वहाळ (ओढा) त्यांना कापत जातो. सड्यावर सायकल छान पळते. दमवते ती घाटी. खाडीच्या पुलापर्यंत उतरायचं आणि पलीकडच्या सड्यावर पुन्हा चढायचं. एकेक चढ शंभरेक मीटरचाच असतो, पण सरळ अंगावर येतो, काही वळणांवर दहा-बारा टक्क्यांचा. असे सात-आठ झाले की ६० किलोमीटरच्या दिवसात सात-आठशे मीटर चढाई होऊन जाते. म्हणून मार्ग आखताना अंतर मोजू नका, किती वेळा खाली उतरावं लागतं ते मोजा. माझ्या मते सामानासह दिवसाला ५० किलोमीटर पुरेत.

गिअरचंही तेच. पुढे ४० दाती आणि मागे सर्वांत मोठी ४२ दाती चकती असेल तर सामानाशिवाय निभतं. सहा-सात किलो सामान असेल तर पुढची चेनरिंग ३६ किंवा ३८ ची करून घ्या. घाटीत उभं राहून पॅडल मारलं की तांबड्या मातीवर मागचं चाक गरकन फिरतं. बसूनच चढता आलं पाहिजे.

मार्ग रत्नागिरीहून दक्षिणेकडचा घ्या. भाट्ये पुलावरून काजळीची खाडी ओलांडली की फणसोप, गोळप करत सड्यावर याल. तिथून पावसला उतार, मग गणेशगुळे, पूर्णगड आणि मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल. पलीकडे गावखडी, मग काशेळी आणि आडिवरे. पहिल्या दिवशी इथेच थांबा. दुसरा दिवस आडिवरे धरून फिरा: देवीहसोळच्या आर्यादुर्गा देवीच्या मंदिरापर्यंत जाऊन या, उरलेल्या वेळात नाटे, आंबोळगडाकडे. तिसऱ्या दिवशी परत. डांबरी रस्ता हा कणा धरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सड्यांवरच्या गाडीवाटा घ्या. अख्खा मार्ग मातीचा काढायला गेलात तर निम्मा वेळ सायकल खांद्यावर घेऊन पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) उतरण्यात जाईल. उत्तरेकडे गुहागर, हेदवी, मग तवसाळहून तरीने (फेरीबोटीने) जयगड आणि पुढे गणपतीपुळे हाही सुरेख मार्ग आहे, पण त्यात डांबर जास्त आणि तरीच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

काशेळी आणि देवीहसोळ इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली आहेत. खोदकाम उथळ असतं, वर गवत वाढलं की कडेला उभं राहूनही दिसत नाही. अशा सड्यावर फक्त मळलेल्या चाकोरीतून चला, मोकळा कातळ दिसला म्हणून आडवी सायकल घालू नका. शिल्प पाहायला सायकल लांब आडवी ठेवून चालत जा.

आता टायर. इथे सुटी खडी कमी, उघडा कातळ जास्त. जांभ्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं असतात आणि चाकोरीच्या कडेला तो झिजून धारदार होतो. चाक चाकोरीतून बाहेर काढताना ही धार टायरच्या बगलेवर घासते. टायर फाटतो तो इथे, तळाला क्वचितच. म्हणून तुमचे ३८ चे बदलून ४५ चे, जाड साइडवॉलचे ट्यूबलेस टायर घाला. फ्रेममध्ये जागा नसेल तर ४२. ७० किलोच्या माणसाने सामानासह पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचं एकक) सुरुवात करावी. रिम दगडावर ठण्णकन आपटली तर दोन पीएसआय वाढवा. ट्यूब घालूनच चालवणार असाल तर पुढे ३८ आणि मागे ४२ पीएसआयच्या खाली जाऊ नका, नाहीतर ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) नव्या टायरात ८० ते ९० मिलिलिटर घाला. कोकणच्या उकाड्यात ते लवकर सुकतं, दीड-दोन महिन्यांनी तपासून भर घाला. भोक पडून फेस उडू लागला तर चाक फिरवून भोक जमिनीकडे आणा आणि अर्धा मिनिट थांबा. थांबलं नाही तर प्लग (रबराची चिकट वात) सुईने भोकात अर्ध्याहून जास्त आत ढकला, सुई झटक्यात बाहेर ओढा, बाहेर राहिलेलं टोक पाच मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा. बगलेवरची चीर बोटाच्या पेरापेक्षा मोठी असेल तर प्लग धरत नाही. तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालायची. तेवढ्यासाठी दोन ट्यूब, तो तुकडा आणि एक जादा डिरेल्युर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) बरोबर हवाच. तुमच्या फ्रेमला नेमका बसणारा हँगर वाटेत मिळेल याचा भरवसा धरू नका.

सर्वांत मोठा धोका चिरेखाणींचा, म्हणजे जांभ्याचे बांधकामाचे चिरे काढायच्या खाणींचा. नकाशावर छान कच्चा रस्ता दिसतो, तो चिऱ्यांच्या ट्रकांनी पाडलेला असतो आणि खाणीच्या काठावर संपतो. खाण यंत्राने सरळ कापलेली असते, काठाला कठडा नाही. आदल्या रात्री उपग्रहचित्र उघडा: सड्यावर काटकोनी तांबडे चौकोन किंवा हिरवट पाण्याचे तुकडे दिसले की तो रस्ता सोडा. चालू खाणीच्या वाटेवर घोटाभर धूळ असते, तिच्याखालचे खड्डे दिसत नाहीत. काजूच्या बागेत हेच काम पातेरा, म्हणजे वाळक्या पानांचा थर करतो.

बागांमधून जाणाऱ्या वाटा बहुधा खासगी असतात. गडग्याला (दगडी कुंपणाला) बेडं, म्हणजे फाटक लावलेलं असेल तर हाक मारून विचारा आणि उघडलेलं बेडं पुन्हा लावा, नाहीतर गुरं आत शिरतात. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर फवारणी चालते. वास आला की त्या बागेतून जाऊ नका.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. त्याआधी सावलीतल्या कातळावर शेवाळ असतं, त्यावर ब्रेक दाबला की सायकल आडवी. मार्चनंतर सडा तव्यासारखा तापतो. हिवाळ्यातही सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही, तीन लिटर वाडीवरूनच भरून निघा. त्यातल्या एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत ठेवा. सकाळी साडेसहाला निघून अकरापर्यंत सडा संपवायचा.

तांबडी धूळ तेलकट साखळीवर बसली की पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून कोरडं ल्यूब वापरा आणि रोज संध्याकाळी साखळी फडक्याने पुसा. पुळणीवर (समुद्रकिनाऱ्यावर) ओल्या वाळूतून सायकल चालवायचा मोह होईल. चालवलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा जोर हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलच्या आसावर) मारू नका. खारं पाणी बेअरिंगमध्ये ढकललं जातं आणि महिन्याभराने पॅडल फिरवताना करकर सुरू होते.