प्राडोला कॅराव्हॅन जोडली की मागून बसते. लिफ्ट किट घ्यावं की एअरबॅग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियात 2018 ची सात सीटची डिझेल टोयोटा प्राडो, नुकतीच घेतलेली 2200 किलोची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. जोडली की गाडी मागून बसते, पुढून नाक वर काढते आणि रात्री समोरून येणारे हेडलाइट मारून शिव्या घालतात. दुकानदार गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट गळ्यात मारतोय, मित्र म्हणतो मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग टाक आणि मोकळा हो.

आधी दोघांनाही थांबवा आणि गाडी काट्यावर न्या. कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली लावतात तशीच, पण प्रवासाला निघताना असते तशी भरून: डिझेल टाकी भरलेली, पाण्याच्या टाक्या भरलेल्या, बायको-मुलं आत बसलेली. पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि कॅराव्हॅनच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्या. मग व्हॅन सोडून नुसती गाडी पुन्हा काट्यावर लावा. हे आकडे हातात नसताना स्प्रिंग विकत घेणं म्हणजे माप न देता सदरा शिवायला टाकणं.

टोबॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे व्हॅन अडकवायच्या गोळ्यावर, साधारण व्हॅनच्या 10 टक्के वजन येतं, म्हणजे तुमच्या बाबतीत 220 किलो. पण मागच्या स्प्रिंगांवर 220 येत नाहीत, त्याहून बरंच जास्त येतं. प्राडोच्या दोन ॲक्सलमधलं अंतर 2790 मिलिमीटर. टोबॉल मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे असं धरा. तरफेचा हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचे सुमारे 95 किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर 315 किलो पडतात. स्टिअरिंग हलकं वाटतं, ब्रेक मारताना पुढची चाकं नीट धरत नाहीत, ते यामुळे.

मग बॉलवरचं वजन कमी केलं तर? अजिबात नको. गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल तर हे लगेच कळेल. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त आलं तर मानेवर भार. व्हॅनचंही तेच. बॉलवर फार कमी वजन ठेवलं तर 90-100 च्या वेगाला व्हॅन शेपटीसारखी हलायला लागते, आणि ते कुठल्याही सस्पेन्शनने थांबत नाही. जड सामान व्हॅनच्या ॲक्सलच्या आसपास ठेवा, मागच्या टोकाला नको.

आता कायद्याचा भाग, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. रिकामी प्राडो 2300 किलोच्या आसपास आणि तिची भरलेली कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीएम, 2990. राहिले सुमारे 690. त्यात चौघांचं कुटुंब 260, बॉलचे 220 (हो, तेही गाडीच्याच खात्यावर), बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड), फ्रिज, ड्रॉवर, मुलांच्या सायकली... संपले की! जाड स्प्रिंग बसवून गाडी वर आली म्हणून ही मर्यादा वाढत नाही. ती वाढवायची तर प्रमाणित जीव्हीएम अपग्रेड करून नवी प्लेट लावून घ्यावी लागते, आणि तेव्हाही गाडी आणि व्हॅन मिळून जी एकत्रित मर्यादा असते ती साधारणपणे आहे तेवढीच राहते. बऱ्याच जणांना हे पैसे मोजल्यावर कळतं.

माझी चूक सांगतो. आधीच्या गाडीला मी '400 किलो कायम भार' वाल्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, एका दुकानदाराच्या सांगण्यावरून. तेव्हा व्हॅन वर्षातून चार आठवडे जोडलेली असायची. उरलेले अठ्ठेचाळीस आठवडे गाडी रिकामी, मागून उंच, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मुलगी मागून ओरडायची. ओल्या रस्त्यावर वळणात मागची चाकं उडून घसरायची. स्प्रिंग ही रोजच्या भारासाठी निवडायची असते. तुमच्या गाडीत कायम बुलबार, ड्रॉवर वगैरे मिळून 150-250 किलो असतील तर मधल्या ताकदीच्या मागच्या स्प्रिंगा घ्या. पुढच्या स्प्रिंगा बुलबार-विंच असेल तरच बदला.

वरचा तात्पुरता भार सांभाळायला मग एअरबॅग, म्हणजे कॉइलच्या, गुंडाळीच्या स्प्रिंगच्या, आत बसणाऱ्या रबरी पिशव्या. तुमचा मित्र इथे अर्धा बरोबर आहे. व्हॅन जोडली की हवा भरा, सोडली की कमी करा. पण पूर्ण रिकाम्या ठेवू नका, नाहीतर चिमटून फाटतात. आणि दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह घ्या. एकाच नळीला जोडल्या तर वळणावर एका बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी झुकते. मागे पाटे असलेल्या यूटवाल्यांनी (यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप) मात्र जपावं: तिथे एअरबॅग चासीच्या एकाच जागी दाब देते, आणि मागे जड ओझं घेऊन खड्ड्यांतून पळवलेल्या यूटची चासी वाकल्याचे फोटो उगाच फिरत नाहीत. प्राडोला कॉइलच्या जागीच भार जातो, त्यामुळे ती भीती कमी.

पण एअरबॅगने पुढची उचललेली चाकं खाली येत नाहीत. मागची बाजू वर दिसते, डोळ्यांना बरं वाटतं, पुढचे 95 किलो गेलेले ते गेलेलेच. त्याला उपाय वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे बॉलचा भार लोखंडी दांड्यांनी ताणून पुढच्या चाकांकडे ढकलणारी जोडणी. व्हॅन जोडण्याआधी पुढच्या चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजा, जोडल्यावर मोजा, आणि उचललेल्यातलं निम्मं परत आलं की मी थांबतो. डांबरी रस्त्यावर उत्तम. ओढ्या-नाल्यात आणि खोल खड्ड्यांत उतरताना दांड्या काढून ठेवा, कारण तिथे गाडी आणि व्हॅन फार वेगवेगळ्या कोनात जातात. तुमच्या टोबारवर आणि व्हॅनच्या कपलिंगवर ती चालते का, हे आधी विचारा.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर शॉकअपवर करा. स्प्रिंग भार उचलते, पण उसळी मारायची थांबवतो तो शॉकअप. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऊडनाडाटा ट्रॅकवर, विल्यम क्रीकच्या अलीकडे, पन्हळी पत्र्यासारख्या रस्त्यावर तासभर टो केल्यावर माझ्या मूळ शॉकअपना हात लावला तर चटका बसला. एकातून तेल गळत होतं. तेल तापलं की पातळ होतं, आत फेस होतो आणि गाडी बोटीसारखी डुलते. त्यानंतर मी मोठ्या व्यासाचे, जास्त तेल मावणारे शॉकअप घेतले, नव्या स्प्रिंगांशी जुळणारे. शिवाय अशा रस्त्यावर टायरची हवा थोडी कमी करायला आणि वेग उतरवायला शिकलो, त्याला पैसे लागत नाहीत.

लिफ्ट तुम्हाला टो करण्यासाठी लागत नाही. दोन इंच वर गेली की गुरुत्वमध्य वर, टोबॉलही वर, व्हॅनचं नाक आकाशात. मग हिच खाली घेण्यासाठी आणखी एक सुटा भाग विकत घ्यायचा. नवी स्प्रिंग भाराखाली जी थोडी उंची देईल ती पुरे.

एक राहिलं: तुमच्या प्राडोला केडीएसएस, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं आवरणारी टोयोटाची हायड्रॉलिक यंत्रणा, आहे का ते ऑर्डर देण्याआधी पाहा. असेल तर उंची बदलल्यावर गाडी एका बाजूला कललेली राहू शकते आणि ती पुन्हा समतोल करून घ्यावी लागते. बसवणाऱ्याला हे काम पूर्वी केलंय का, असं सरळ विचारा. तो 'के काय?' म्हणाला तर दुसरं दुकान शोधा.