कार मेकॅनिक सिम्युलेटरमध्ये इंजिनचा एकच पार्ट सापडत नाहीये. कुठे शोधू, की सरळ व्हिडिओ बघू?

तुम्ही लिहिलंय की ऑर्डरच्या यादीत इंजिनखालची एक ओळ अजून प्रश्नचिन्हावरच अडकली आहे, म्हणजे बिघडलेला पार्ट कोणता ते कळलेलं नाही, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आणि शेवटी विचारलंय, ‘असल्या गेममधून खऱ्या गाडीतलं काही कळतं तरी का?’ पहिल्या भागाला चार ओळी लिहून गेलो असतो. पण या शेवटच्या प्रश्नावरून आमच्या घरी बराच वाद झालाय, म्हणून बसून लिहितोय.

व्हिडिओ बघू नका. त्यातल्या माणसाची गाडी वेगळी, बिघाड वेगळा. त्याचा पंप गेलेला असतो, तुमचं बेअरिंग. आणि समजा नेमका तोच पार्ट निघाला, तरी पुढच्या ऑर्डरला तुम्ही परत तिथेच अडकणार. स्कॅनर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजणारा टेस्टर, फ्युएल प्रेशर, मल्टिमीटर हे सगळं लावून झालंय असं धरतो. म्हणजे उरलाय तो कुठलंही मीटर दाखवत नाही असा पार्ट.

माझ्याकडेही असाच एक अडला होता. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. पुण्याची नोकरी लॅपटॉपवर घेऊन मी कराडला घरी आलो होतो आणि रात्री २०१८ ची आवृत्ती खेळायचो. जुन्या अमेरिकन धाटणीची गाडी, व्ही८ इंजिन (आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ओळी), कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि तिथून वर व्हॉल्वकडे जाणारे दांडे, म्हणजे पुशरॉड. यादीत इंजिनचे सात पार्ट, त्यातले सहा सापडले. सातव्यासाठी दोन्ही हेड काढली, वॉटर पंप काढला, टायमिंगचं कव्हर, चेन, मॅनिफोल्ड, सगळं काढून बघितलं. गाडी लिफ्टवर चढवून ऑइल काढलं, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खोललं. कनेक्टिंगची, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची, एक टोपी गंजलेली मिळाली, ती बदलली, पण ती सहातलीच. प्रश्नचिन्ह हलेना. तीन रात्री.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा एसटीत मेकॅनिक होते, ३१ वर्षं. मधली काही दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, बाकी सगळी डेपोत. लेलँड आणि टाटाची डिझेल इंजिनं. आम्हा भावंडांपैकी कुणालाही त्यांनी पिटच्या (बसखाली उतरून काम करायच्या खड्ड्याच्या) आसपास फिरकू दिलं नाही. सातवीत असताना मी एकदा त्यांचा डबा घेऊन गेलो आणि तिथेच कठड्यावर बसून बसच्या पोटाखाली बघत राहिलो. अण्णा वर आले. दोन्ही हात ऑइलने माखलेले, माझा शर्ट शाळेचा. हात न लावता कोपराने ढकलत ढकलत त्यांनी मला गेटपर्यंत नेलं. “तुला हे करायचं न्हाई. हात काळे करायला मी हाय.” मी कॉमर्स केलं, अकाउंट्सला लागलो. ओढ होती ती इंजिनचीच. ते ठसठसणं अजून गेलेलं नाही, आणि या गेममध्ये मी एवढा का रमलो याचं खरं कारण तेच आहे.

तर तिसऱ्या रात्री अण्णा पाणी प्यायला उठले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले.

“कसलं इंजिन हे?”

“व्ही८. पेट्रोल.”

“टॅपेट कव्हर दोन-दोन?” खुर्ची ओढून बसले. “पुशरॉड हायत की. लेलँडला पण असंच.” काय शोधतोय ते सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “कॉम्प्रेशन?”

“आठही बरोबर.”

“मग वर कशाला हुडकतोयस? हेड, व्हॉल्व, पिस्टन, रिंगा, ह्यात काय असतं तर कॉम्प्रेशन पडलं असतं. टोपी गेली तर कॉम्प्रेशन बरोबरच येणार. ती आवाज देती, ऑइलचं प्रेशर पाडती. खालनं बघ.”

“खालून बघितलंय. एक सापडली, बदलली.”

“मोजल्यास का टोप्या?”

मोजल्या नव्हत्या. मोजायला गेलो तर सातच भरल्या.

हे नीट समजून घ्या, तुमच्या कामाचं आहे. अण्णांच्या लेलँडला सहा सिलिंडर एका ओळीत, प्रत्येक कनेक्टिंगला क्रँकवर आपली स्वतंत्र पिन, त्यामुळे सहा टोप्या सुट्या सुट्या दिसतात. व्ही८ मध्ये समोरासमोरच्या दोन सिलिंडरचे कनेक्टिंग एकाच पिनवर खेटून बसतात. म्हणजे पिना चार आणि टोप्या आठ, जोडीजोडीने. जोडीतली एक बघितली की डोळा आपोआप पुढच्या जोडीवर जातो. लिफ्टखालून कॅमेरा तिरका असला की शेवटची टोपी क्रँकच्या वजनाच्या पात्यामागे पूर्ण झाकली जाते.

अण्णा म्हणाले, “इंजिन उतरव.” आड येणारं सगळं सोडवलं, क्रेनने इंजिन काढून स्टँडवर घेतलं आणि फिरवून उलटं केलं. त्यांनी ते परत फिरवायला सांगितलं. मग अजून एकदा. “हे असं उलटं करायला आम्ही चौघंजण लागायचो,” एवढंच बोलले. मग फ्लायव्हीलच्या बाजूच्या शेवटच्या जोडीवर बोट टेकवलं, पडद्यावर ठसा उमटेल एवढं दाबून. “ही.” क्लिक केलं. प्रश्नचिन्हाच्या जागी नाव आलं.

नंतर त्यांनी विचारलं, “बोल्ट किती नंबरचा?” मी सांगितलं, इथे नंबर लागत नाही, माउस दाबून धरला की बोल्ट सुटतो. तिथे ते बिनसले आणि वाद सुरू झाला. वास नाही, धग नाही, बोल्ट कधी जाम होत नाही, पाना निसटून बोटं सोलत नाहीत, मग यातून काय डोंबल कळणार? हेडचे बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं आणि सोडताना बाहेरून मध्ये यायचं, हे गेम शिकवतो का? नाही शिकवत. हे सगळं मला मान्य आहे आणि मी कधीच नाकारलं नव्हतं. माझं म्हणणं इतकंच की कशाच्या मागे काय बसलंय आणि आधी काय काढल्याशिवाय काय निघत नाही, हा नकाशा गेममधून पक्का होतो. हाताचं कसब नंतर येतं. नकाशाच नसेल तर ते कसब वापरणार कुठे?

त्याच वर्षी दिवाळीत आमची जुनी मारुती ८०० तापायला लागली. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) कुठे असतो हे मला या गाडीत कुणी दाखवलं नव्हतं. रेडिएटरचा वरचा पाइप बोटाने धरून इंजिनपर्यंत गेलो आणि तो जिथे संपला तिथल्या झाकणावर हात ठेवला. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात पाना दिला. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, कळतं. आणि तुम्हाला मुलं असतील तर त्यांना इंजिनपासून हाकलू नका. पोराचे हात काळे होऊ नयेत म्हणून जे बाप त्याला पिटपासून लांब ठेवतात ते चुकतात. हे मी अण्णांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणतात, पगार बघ तुझा. पगार चांगला आहे, त्यात वाद नाही. पण शिकत शिकत सुट्टीत पिटमध्ये उतरलो असतो तर पगार कमी झाला नसता, असं मला आजही वाटतं.

आता तुमचा पार्ट. इंजिनकडे नुसतं टक लावून बघू नका. त्यात पाच गोष्टी फिरतात: हवा, पेट्रोल, करंट, पाणी आणि ऑइल. एकेकीचा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत धरा, वाटेत जे लागेल त्यावर क्लिक करा. निम्मे लपलेले पार्ट असेच सापडतात. पाण्यात थर्मोस्टॅट, पेट्रोलमध्ये फिल्टर नेहमी राहून जातो. जे फिरतं त्यात बेल्टच्या किंवा चेनच्या कव्हरमागचा छोटा रोलर बघा. सेल्फ (स्टार्टर मोटर) वरून दिसला नाही तर गाडी उचलून गिअरबॉक्सजवळ शोधा. क्लचचं रिलीज बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसायचं नाही. आणि जे आठ असायला हवेत ते आठ आहेत का, हे बोट लावून मोजा. एखादा पार्ट निघत नसेल तर त्याच्या आड येणारे पार्ट लाल होतात. वैतागून सोडून देऊ नका, पुढचा रस्ता ते लालच दाखवतं.

दोन गोष्टी राहिल्या. मी हे २०१८ च्या आवृत्तीवर लिहिलंय. २०२१ ची मी कमी खेळलोय, पण त्यातही इंजिनची रचना पार वेगळी वाटली नाही. आणि थर्मोस्टॅट वरच्याच पाइपला असेल असं प्रत्येक इंजिनात नसतं, काहींत तो खालच्या पाइपच्या बाजूला असतो. तेव्हा दोन्ही टोकं बघा.

तरीही नाही मिळाला तर इंजिन कोणतं आहे, सिलिंडर किती आणि कॉम्प्रेशन काय येतंय, हे खाली लिहा. अण्णा रोज संध्याकाळी विचारतात की आज कुणाची गाडी आली का. त्यांना दाखवून सांगतो.